फ्रॉकच्या मानेवरचं नाव

आमच्या चाळीला मालकाचं नाव आहे, जयवंत चाळ. नाक्यावरच्या पिठाच्या गिरणीला गिरणीवाल्याच्या बापाचं नाव आहे. स्टेशनाजवळच्या दुकानावर 'नंदकिशोर ड्रेसवाला' अशी लांबून दिसणारी लाल अक्षरं आहेत. घाटकोपरात ज्याचं जे काही आहे त्यावर त्याने आपलं नाव घालून ठेवलंय, आणि सध्या तर मुंबई कुणाच्या नावावर लागणार यावरून आमच्या चाळीतले पुरुष जिन्यात उभे राहून घसा बसेपर्यंत भांडतात. पण एखाद्या वस्तूवर बाईमाणसाचं नाव मी पहिल्यांदा पाहिलं ते एका फ्रॉकच्या मानेवर, आतल्या बाजूला. पांढऱ्या फितीवर लाल दोऱ्याने भरलेलं. बोटभर फीत, पण तिच्यावरून केवढं रामायण झालं!

तो फ्रॉक माझ्या उत्तराचा. आता ती तो घालून पाळण्यात झोपलीय, मूठ तोंडात घालून, म्हणून हे लिहायला घेतलं. ती उठली की जिथे असेन तिथे थांबेन.

फ्रॉक शिवणारी आमच्या शेजारच्या खोलीतली. दत्ताराम परबाची बायको. दत्ताराम कुर्ल्याच्या कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, आहे. घरात तो, त्याचा धाकटा भाऊ गुणाजी, त्यांची म्हातारी आई आणि ही. म्हातारीला सगळी चाळ आये म्हणते. सुनेला सगळी चाळ पेंडूरकरीण म्हणते, कारण आये तशी हाक मारते. कोकणात ती रीतच आहे म्हणे. सून ज्या गावाहून आली त्या गावाच्या नावाने तिला ओळखायचं. पेंडूरची ती पेंडूरकरीण. आये स्वतः कोचऱ्याची, तेव्हा तिच्या वयाच्या बाया भेटल्या की त्या तिला अजून कोचरेकरीणच म्हणतात. माझं तरी काय वेगळं आहे म्हणा. उत्तरा झाल्यापासून मी उत्तराची आई, आणि त्याआधी श्यामकांतांची मंडळी होते.

पेंडूरकरणीचे फ्रॉक म्हणजे काय ते सांगायला हवं. दत्तारामच्या गिरणीत तुकड्याचं कापड कामगारांना स्वस्तात मिळतं. कुठे हातभर फुलाफुलांचं, कुठे वीतभर पट्ट्यांचं. त्यातून ती छातीला एक, घेराला दुसरं, खिशाला तिसरं असं जमवते, आणि ते तिन्ही तुकडे गिरणीत एकमेकांसाठीच विणले असावेत असं वाटायला लागतं. शिवाय घेराच्या खाली ती आडव्या चुण्या घालून ठेवते. वरून पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते. पोर वाढली की एक चुणी उसवायची, फ्रॉक खाली उतरतो. पुढल्या वर्षी दुसरी. आईबापांचा जीव त्या चुण्यांवरच जडायचा. "पोरीबरोबर फ्रॉकपण वाढतो गं!" असं एक बाई नळावर म्हणाली, आणि त्या दिवसापासून पेंडूरकरणीच्या हातमशीनचं चाक दुपारचं कधी थांबलं नाही.

एका दुपारी ती फितीचं भेंडोळं घेऊन माझ्याकडे आली.

"वहिनी, तुझं अक्षर चांगलं आहे. ह्याच्यावर पेनाने लिहून दे. मी वरून साखळी टाका घालते."

"काय लिहू?"

"नाव. आणि पुढे घाटकोपर."

"कुणाचं नाव?"

"माझं गो! दुसऱ्या कुणाचं?"

मी पेन उघडून बसले आणि बसूनच राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं, मग फिस्सकन हसली आणि म्हणाली, "रत्नप्रभा."

एवढं मोठं झळझळीत नाव, आणि ही बाई ते इतकी वर्षं ट्रंकेच्या तळाशी लग्नातला शालू ठेवावा तसं ठेवून बसली होती! लग्नात तिचं नाव बदललंसुद्धा नव्हतं. दत्तारामला तेच आवडलं, म्हणून तांदळाच्या ताटात त्याने तेच परत लिहिलं. आये तेव्हा मागीलदारी जेवणावळीच्या भांड्यांत होती.

"पण फ्रॉकवर कशाला?" मी विचारलं.

"घालून तर बघते. कुणी विचारील तरी, ही कोण म्हणून." मग उत्तराच्या गालाला बोट लावत तिलाच म्हणाली, "काय गो चेडवा? पहिला तुका."

अशी पहिली फीत उत्तराच्या मानेवर लागली. तिने ती चोखून चोखून गुलाबी केली ते सोडा.

परबांच्या खोलीत मात्र, आये देवळात गेली की, कुरबूर सुरू झाली. गुणाजी म्हणाला, "वहिनी, नाव लावायचंच तर दादाचं लाव ना. दत्ताराम अँड सन्स. कसं झकास वाटतं!"

"सन्स कुठे आहेत?" पेंडूरकरीण म्हणाली. म्हणजे रत्नप्रभा म्हणाली. (माझी जीभसुद्धा अजून घसरते.)

"होतील की!"

"झाले की त्यांना मशीनवर बसव. मग त्यांचं लावू."

दत्ताराम भिडस्त माणूस. तो कोपऱ्यात बसून चहा फुंकत होता. त्याला गिरणीत पोरं चिडवत होती, की काय रे, तुझ्या बायकोचं नाव सगळ्या घाटकोपरच्या पोरींच्या मानेवर? तो एवढंच म्हणाला, "मी काय शिवत नाय. माझं कशाला?" पण लाव असंही म्हणाला नाही.

खरी गाठ पडली ती नंदकिशोरशेठशी. शेठ तिचे फ्रॉक दुकानात टांगायला तयार होता. माणूस वाईट नाही, पोरं दिसली की बरणीतली गोळी हातावर ठेवतो. ती पहिली थप्पी घेऊन गेली तेव्हा मीही बरोबर होते. त्याने एक फ्रॉक उलटा केला, शिवण बघितली, चुण्या बघितल्या, मान डोलावली. मग फीत बघितली.

"बेन, माल एक नंबर. पण हे काढा."

"का?"

"गिऱ्हाईक विचारते, रत्नप्रभा कोण? मी काय सांगू? फॉरेनचा नाव पाहिजे. बघा." त्याने गल्ल्याखालून छापील फितींचा पुडा काढला. इंग्रजीत 'न्यू लंडन' आणि वर मुकुट. "हे लावा. हातोहात जाईल."

"शेठ, मी लंडन बघितलं नाय," रत्नप्रभा म्हणाली. "फ्रॉकानेपण नाय बघितलं."

"कोणी बघितलं? मी पण नाय बघितलं!"

"मग तुमच्या पाटीवर न्यू लंडन का नाय लिहिलं? नंदकिशोर का लिहिलं?"

शेठ हसायला लागला. "अरे, दुकान माझा आहे ना!"

"तसे टाके माझे आहेत."

शेठने माझ्याकडे पाहिलं. मी उत्तराकडे पाहिलं. शेवटी तोच म्हणाला, "चला. दिवाळीपर्यंत तुमचा नाव ठेवतो. तोपर्यंत एक तरी गिऱ्हाईक हे नाव घेऊन विचारत आला, रत्नप्रभा कुठे मिळते, तर कायमचा ठेवू. नाही आला, तर न्यू लंडन. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. येताना वाटभर ती उड्या मारल्यासारखी चालत होती. मिठागराकडून वारा सुटला होता, पदर आवरत ती एकदम म्हणाली, "येईल गो कोणतरी. एवढी मोठी मुंबई आहे."

फ्रॉक खपत होते. पण फितीचं कुणाला काही नव्हतं. काही आया फीत टोचते म्हणून कापून टाकत. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वनमालाबाईंनी तर कहर केला. शेठकडून लेकीसाठी फ्रॉक आणला, घरी येऊन फीत वाचली, आणि तणतणत दुकानात परत. "हा कुणा रत्नप्रभेचा वापरलेला फ्रॉक माझ्या पोरीच्या गळ्यात मारता होय? नाव घातलंय तिने त्याच्यावर! धोब्याकडे हरवू नये म्हणून!" शेठने समजावलं की बाई, हे शिवणारीचं नाव आहे. "शिवणारीचं? शिवते तर आमच्या वरची पेंडूरकरीण!" असं म्हणून वनमालाबाई फ्रॉक तिथेच टाकून आल्या. शेठने हे रत्नप्रभेला डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत हसत सांगितलं. तीही हसली. पण त्या दिवशी तिने फितीवरची अक्षरं जरा मोठी भरली.

नवरात्र गेलं, दसरा गेला. चाळीत भाजणीचा वास सुटायला लागला. नाव घेऊन कुणी आलं नव्हतं.

आणि मग ती आली, नेमकी त्या सकाळी जेव्हा मी उत्तराला घेऊन दवाखान्यात गेले होते आणि रत्नप्रभा शेठकडे माल द्यायला गेली होती. संध्याकाळी आम्ही तिघी गॅलरीत बसलो होतो. मी मटार सोलत होते, रत्नप्रभा पाटावर मशीन ठेवून घेर शिवत होती आणि आये कुळीथ पाखडत होती. पाखडता पाखडता आयेला गंमत आठवली.

"गो, आज काय गजाल झाली ती आयक. एक बाई इली. डोळ्यार चष्मो, खांद्यार पिशवी. पोरांका वाटला देवी टोचणारीच इली. नळावरची सगळी पळाली घरात! ती माका इचारता, हयसर रत्नप्रभा खय रवता?"

मटाराची शेंग माझ्या हातात तशीच राहिली. मशीनचं चाक मात्र फिरत होतं, हळू.

"मी म्हटलंय, आडनाव काय तेचा? तर ता म्हायत नाय. घोव खय कामाक आसा? तर ता पण म्हायत नाय. मगे म्हटलंय, बाये, अशान बाईलमाणूस सापाडता काय कधी? जयवंत चाळीत कोण रत्नप्रभा नाय. मिठागराकडे एक रत्ना आसा, पण ती मासे इकता."

"मग?" मी विचारलं.

"मगे काय, गेली. घोडागाडीत बसताना सांगता, मी मुलुंडसून इलंय, पाच रस्त्याकडे आमची बारक्या पोरांची शाळा आसा, पोरींका फ्रॉक व्हये. मी म्हटलंय, अरे देवा! फ्रॉक व्हये तर आमची पेंडूरकरीण आसा की! पण तोपर्यंत गाडी सुटली." आयेने सूप खाली ठेवलं आणि सुनेकडे कळवळून पाहिलं. "तुका बरा काम मेळाला असता गो. पण ती बया त्या रत्नप्रभेच्याच मागे लागलली. कोण एवढी मोठी लागान गेली ही रत्नप्रभा?"

चाक थांबलं.

"आये," ती म्हणाली, "ती मी."

आयेला कळेना. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. "तू खयची? तू पेंडूरकरीण."

"पेंडूर गाव झालं. माझं नाव रत्नप्रभा."

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती अगदी साधं बोलली, भाकरी झाली सांगावं तसं. मग मशीनवर झाकण घातलं आणि स्टोव्ह पेटवायला आत गेली. आये सुपातल्या कुळथाकडे बघत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उत्तराला तेल लावत होते, तर आये दारात. नेसूचं ठेवणीतलं हिरवं लुगडं, नाकात नथ.

"उत्तराचे आवशी, तू शिकललंस. माझ्यावांगडा मुलुंडाक चल."

"आत्ता?"

"आत्ता. ती थय बसान फिती काढता." तिचा आवाज खाली गेला. "शेठाची ती मुकुटाची फीत लावतलंय म्हणता. म्हणता, ज्या घरात खातंय-जेवतंय थय ठावक नाय, तर घाटकोपराक काय म्हणान ठावक असतला? मी काय सांगू तेका? तेचा बरोबरच आसा."

मी डोकावून पाहिलं. रत्नप्रभा भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर तयार फ्रॉकांचा ढीग. ब्लेडने एकेक टाका उसवत होती. घाई नव्हती तिला. कापडाला इजा होऊ नये म्हणून जपून उसवत होती.

आयेने तिला देवळात जाते म्हणून सांगितलं. "नथ घालून?" तिने मान वर न करता विचारलं. "देवाक काय नथ दिसणा नाय?" आये म्हणाली आणि उत्तराला कडेवर घेतलेल्या मला ओढत जिना उतरली.

वाटभर आये ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती. मला वाटलं जप चाललाय. कान दिला तर "रत्नप्रभा, रत्नप्रभा." डोक्यावरचा भरलेला हंडा हिंदकळू नये म्हणून बाई जपून चालते, तशी ती ते नाव नेत होती. मुलुंडला उतरून आम्ही विचारत विचारत गेलो. रस्ते सरळसोट, दोन्ही बाजूंना झाडं, आणि आयेला ते अजिबात आवडलं नाही. "हय सगळे रस्ते सारखेच. माणूस चुकतला नाय तर काय?"

बालकमंदिर म्हणजे एका बंगलीचा पुढचा व्हरांडा. चटयांवर बसून पोरं मण्यांच्या माळा ओवत होती. चष्मेवाल्या बाई उठून आल्या. खादीचं पातळ, हाताला खडू. त्यांनी आयेला लगेच ओळखलं.

"आजी, तुम्ही! सापडल्या का रत्नप्रभाबाई?"

"सापडली," आये म्हणाली. "माझ्याच घरात होती."

बाईंना काही कळलं नाही. मग मी सांगायला तोंड उघडलं, पण आयेने हाताने मला गप्प केलं.

"ती माझी सून. काल मी तुमका खोटा सांगूक नाय. माका म्हायतच नव्हता."

"सुनेचं नाव?" बाईंना हसावं की काय करावं सुचेना. "तुम्हाला सुनेचं नाव माहीत नव्हतं?"

"आमच्यात असाच. तेका कोण हाक मारता नावान? माका तरी कोणी मारल्यानी?"

"मग तुमचं नाव काय, आजी?"

आयेने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. पोरांच्या चटईकडे पाहिलं. मग मान हलवली. "ता रवांदे. माका लाज वाटता."

ते नाव मला अजून ठाऊक नाही. येताना विचारलं तर म्हणाली, "मेल्यावर सांगतंय."

बाईंनी आपणहून सगळं सांगितलं. त्यांचं नाव मृणालिनी. त्यांच्या शाळेतली एक मुलगी ते फ्रॉक घालून येते. मावशीने घाटकोपरहून आणून दिलेले. बाईंनी एकदा तिचे ओले कपडे बदलताना फीत वाचली. पोरी भराभरा वाढतात, आयांना दरवर्षी नवे कपडे परवडत नाहीत, तेव्हा सगळ्या मुलींना असेच चुण्यांचे फ्रॉक हवेत असं त्यांच्या मनात आलं. मावशीने शेठला नाव न घेता 'हे शिवतं कोण' एवढंच विचारलं होतं, आणि त्याने शिवणारीची चाळ तेवढी सांगितली होती.

"पण आता मी इथल्या शिंप्याला बोलावलंय," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी यायचाय."

"येवंदे," आये म्हणाली. "तेका च्या द्या आणि पाठवन द्या."

मृणालिनीबाई हसल्या. "बरं. मग मी तुमच्याबरोबरच येते चाळीत. आज दुपारी मला सवड आहे."

"चाळीत नको!" आये इतक्या जोरात म्हणाली की माळा ओवणारी पोरं वळून बघायला लागली. "चाळीत येवन काय उपेग? स्टेशनाकडे शेठाचा दुकान आसा, नंदकिशोर म्हणान. आज दोपारची ती थय माल घेवन जातली. थय येवा. आणि शेठाच्या तोंडार इचारा. काल माका इचारलात तसाच. रत्नप्रभा खय रवता? असा. एक अक्षर कमी नको."

मग मी मध्ये पडून शेठची अट सांगितली, नाहीतर बाईंना वाटलं असतं की ही म्हातारी जरा सरकलेली आहे. बाईंनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पुसला. "यात लबाडी तर नाही ना?"

"कसली लबाडी?" आये म्हणाली. "तुम्ही काल खरोखरीच इचारूक इल्यात. चुकीच्या माणसाक इचारलात, एवढाच."

दुपारी आये आणि मी आधीच दुकानात जाऊन बसलो. उत्तराला रिबीन घ्यायची, असं शेठला सांगितलं. उत्तराच्या डोक्यावर रिबीन टिकेल एवढे केस नाहीत, पण शेठ गिऱ्हाइकाला असलं काही विचारत नाही. त्याने तिच्या मुठीत गोळी द्यायला हात पुढे केला, मी नको म्हटलं, मग त्याने ती स्वतःच्या तोंडात टाकली.

थोड्या वेळाने रत्नप्रभा आली, बगलेत गाठोडं. आम्हाला बघून थबकली. "देऊळ इथं आलं काय?" एवढंच म्हणाली. आयेच्या नथीकडे बघितलं, पण पुढे विचारलं नाही. त्या दिवशी तिला कशातच रस नव्हता. गाठोडं सोडून तिने फ्रॉक शेठपुढे ठेवले. माना सगळ्या मोकळ्या. जिथे फीत होती तिथे सुईची बारीक भोकं तेवढी दिसत होती.

"अरे बेन!" शेठ म्हणाला. "दिवाळी अजून आली नाय!"

"काय दिवाळी नि काय. द्या तुमची ती लंडनची."

शेठला वाईटच वाटलं असावं. त्याने गल्ल्याखालचा पुडा काढायला उगाच वेळ लावला. तिने दुकानातच कोपऱ्यातल्या स्टुलावर बैठक मारली, सुई ओवली आणि पहिला फ्रॉक मांडीवर घेतला. आये माझ्या दंडाला धरून बसली होती. तिची बोटं रुतत होती. बाई येणार की नाही? मुलुंडहून यायचं, पोरं सोडून. तो शिंपी लवकर आला असला तर? रत्नप्रभेने मुकुटाची फीत मानेवर ठेवली, बोटाने दाबून सरळ केली.

मृणालिनीबाई आल्या त्या घामाघूम होऊन. आमच्याकडे त्यांनी ओळखसुद्धा दाखवली नाही. एखाद्या नाटकात काम केलेलं असावं त्यांनी. सरळ शेठपुढे उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "रत्नप्रभा कुठे राहतात? त्यांचे फ्रॉक हवेत मला. मुलुंडच्या शाळेसाठी."

शेठच्या तोंडात गोळी होती. ती एका गालातून दुसऱ्या गालात गेली. "रत्नप्रभा?" तो म्हणाला. मग त्याचे डोळे मोठे झाले. "रत्नप्रभा! अरे, बसली की इथे! बेन! ओ बेन!"

बेन बसली होती खाली मान घालून. दोरा दातांनी तोडत होती.

"रत्नप्रभाबाई," मृणालिनीबाई जरा पुढे होऊन म्हणाल्या.

तिने वर पाहिलं. मग मान वळवून मागे पाहिलं. मागे तर भिंतच होती, आणि खुंटीवर शेठचा कोट. तिने त्या कोटाकडे पाहिलं, पुन्हा बाईंकडे पाहिलं, आणि सरकून बसली. मागे कुणी असलंच तर त्याला वाट मिळावी म्हणून. मला हसू आलं. नाव मानेवर घालून ती वाट बघत बसली होती, आणि नाव घेऊन माणूस समोर उभं राहिलं तर तिला ओळखता येईना! कितीतरी वर्षांत ते कानावरच पडलं नव्हतं, दुसरं काय होणार?

आयेला मात्र ते बघवेना. ती उठली. नथ हलली, लुगड्याचा काठ स्टुलाला अडकला, रिबिनींचं खोकं खाली पडलं. आणि शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाक घालावी तशा आवाजात, स्टेशनपर्यंत ऐकू जावं असं ती ओरडली, "गो रत्नप्रभाऽऽऽ! तुका हाक मारतत!"

"ओऽऽ!"

तिने ओ दिली आणि स्वतःच दचकली. बायका दुकानात देतात तशी ती ओ नव्हती. परकऱ्या पोरीने विहिरीवरून द्यावी तशी, मोकळी, लांब. रस्त्यावरून जाणारे दोघेजण थांबून आत बघायला लागले. तिने तोंडावर हात ठेवला. मांडीवरची मुकुटाची फीत घसरून खाली रिबिनींत कुठेतरी पडली. ती शोधायला कुणीच वाकलं नाही.

मृणालिनीबाई स्टुलाशेजारी जमिनीवरच बसल्या आणि एक फ्रॉक उलटा करून तिला चुण्यांचं विचारायला लागल्या, किती ठेवता, कशा ठेवता. तिने उत्तर द्यायला सुरुवात केली. आवाज थोडा कापत होता. मग कापडाला हात लागला तसा स्थिर झाला. शेठने न्यू लंडनचा पुडा परत गल्ल्याखाली सरकवला.

"पण बेन," तो म्हणाला, "अक्षर जरा मोठा काढा. मला चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे."

"आणखी मोठं काढलं तर फीत मानेबाहेर येईल, शेठ," ती म्हणाली.

"येवंदे भायर," आये म्हणाली. ती जमिनीवर बसून रिबिनी गोळा करत होती, आणि दर रिबिनीमागे सुनेकडे एकदा वर बघत होती. "गो रत्नप्रभा, ही लाल खयच्या खोक्यातली?"